पंपावरचा फडका

"बंद पडली व्हय रे, नरसिंगा?" चतुराकाकूंनी मागून विचारलं.

"न्हाई, इसाव्याला थांबली." जीव टांगणीला लागला की माझी जीभ अशी वाकडी चालते.

मे महिन्याची भर दुपार. हिंगोलीच्या दवाखान्याकडे निघालो होतो; पुसेगाव मागे राहिलं, नरसी अजून चार किलोमीटर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागच्या सीटवर काकूंची सून राणी कळा देत होती, पहिलटकरीण. ॲम्ब्युलन्स तासभर नुसती 'येऊन राहिली' होती, तेव्हा काकू माझ्या दारात आल्या. बाईमाणूस नीट आडवं होईल अशी सीट गावात माझ्या अँबेसिडरलाच होती.

पेट्रोलवरच्या या जुन्या गाडीचं एक दुखणं आहे. उन्हात इंजिनाजवळचा पंप तापला की पेट्रोल चढत नाही. मग पंपावर ओला फडका धरायचा. त्यासाठी तीस वर्षं डिकीत पाण्याचा कॅन भरून ठेवला. आज सकाळी नाही भरला. चार वाजता भंगारवाल्याचा ट्रक तिला न्यायला येणार होता. म्हटलं, आता कशाला? मूर्ख मी!

माझ्या प्यायच्या बाटलीत निम्मं पाणी होतं. गाडी खड्ड्यात आदळून काकूंचा तांब्या सांडला होता. काकू इतकी वर्षं माझ्या गाडीत बसल्या, पण पाणी कायम घरचं. आम्हा बौद्धांच्या हातचं त्यांच्यात चालत नाही. त्यांच्या ओसरीवर माझा कप वेगळा आहे. मला ते फार लागायचं, पण बोललो कधी नाही.

"मामा... पाणी," राणी कण्हली.

मी बाटली धरून उभा. पंपाला दिलं तर ही तडफडणार, हिला दिलं तर गाडी हलणार नाही. काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली. राणीने हात पुढे केला आणि बाटली तोंडाला लावली. दोनच घोट घेऊन तिने ती परत दिली.

"बास. गाडीला घाला, मामा."

फडका भिजवला. पुन्हा बंद पडली तर, म्हणून तळाशी घोटभर राखलं.

"काकू, मी सेल मारतो. ह्यो फडका पंपावर दाबून धरायला कुणी तरी पायजे."

"आण इकडं."

पदर खोचून त्या तापल्या बॉनेटखाली वाकल्या. ग्रीसने काळा झालेला माझा फडका दोन्ही हातांनी दाबून धरला. बोटं भाजली असणार, पण हात काढला नाही. मी चावी फिरवत राहिलो. एकदा, दोनदा... पाचव्यांदा इंजिन धडधडलं.

"बसा लवकर, काहून उभ्या राहिल्या!" पहिल्यांदाच मी त्यांच्यावर ओरडलो.

हिंगोलीत पोचल्यावर अर्ध्या तासात नर्स बाहेर आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी पायरीवर मटकन बसलो. काकू शेजारी येऊन टेकल्या. हात अजून काळेच होते.

"बाटलीत हाय का रे थोडं?"

"गरम झालंय, काकू. थांबा, आतून गार आणतो."

"न्हाई. हेच दे."

वरून न ओतता त्यांनी बाटली ओठांना लावली, आणि तो घोट पिऊन टाकला. माझे डोळे भरून आले.

खिशात फोन वाजत होता, ट्रकवाला असणार; गाडी तर द्यायचीच होती. मी गाडीपाशी गेलो, पंपावरचा फडका काढला, घडी केली आणि खिशात ठेवला.