तिसरा अक्रोड

माझा वरचा, डावीकडचा, सुळ्यामागचा दात खोटा आहे आणि तो काढता येतो. पाणीपुरवठा खात्यात हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे मी एकतीस वर्षं तक्रार विभागात बसतो. लोकांचे नळ कोरडे पडतात, ते माझ्यासमोर येऊन बोलतात, मी ऐकतो आणि नोंदवून घेतो. इतकी वर्षं गंभीर चेहऱ्यानं ऐकल्यावर माणूस एकतर आजारी पडतो नाहीतर विनोदी होतो. माझी तब्येत चांगली आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी खात्याच्या गृहपत्रिकेत माझा एक लेख आला, 'पाच मजले आणि एक दात'. विषय होता माझ्या वहिनींची वडी. तळाला लोण्यात कालवलेला बिस्किटांचा चुरा, त्यावर डब्यातलं घट्ट दूध, मग चॉकलेट, मग अक्रोड, सगळ्यात वर खोबऱ्याचा कीस. ओव्हनमध्ये भाजायची, गार करायची, चौकोनी कापायची. आमचे वडील बांधकामावर सुपरवायझर होते. त्यांनी पहिली वडी आडवी धरून बघितली, थर मोजले आणि तिला 'पाचमजली' म्हटलं. त्यांच्याकडून हे कौतुक होतं, कारण दुमजलीच्या वर त्यांचा कुणावर विश्वास नसे. लेखात मी त्या नावावर अख्खी इमारत चढवली. पायाची खोदाई झाली, रोलर फिरला, खडी पडली, प्लास्टर झालं. शेवटी तेरा वर्षांचा मी एक घास घेतो, 'कट्ट' असा आवाज होतो, इमारत शाबूत राहते आणि दात जमीनदोस्त होतो.

लेख गाजला. आमच्या खात्यात पाण्यापेक्षा विनोदाचा दुष्काळ मोठा, हेही कारण असेल. कुणी निवृत्त झालं, कुणाची बदली झाली की मला तो वाचायला लावत. 'कट्ट' आला की मी दात काढून हातात धरत असे आणि पहिल्या रांगेतल्या बायका तोंड फिरवून हसत. चार वर्षांपूर्वी खुद्द वहिनींच्या निरोप समारंभात मी तो वाचला. त्या आमच्याच खात्यात, पण दुसऱ्या शाखेत, मीटरच्या नोंदी ठेवायच्या टेबलावर होत्या. हातात गुच्छ धरून त्या शेवटपर्यंत हसत उभ्या होत्या. त्याला मी दाद समजलो.

यंदा गृहपत्रिकेचा पन्नासावा अंक निघणार होता. संपादक बाईंनी कळवलं की जुन्या अंकांतलं सर्वोत्तम साहित्य पुन्हा छापतोय, त्यात तुमचा दात आहेच. सोबत वडीचा फोटो आणि खरी कृती हवी, सोमवारपर्यंत. मी म्हटलं, त्यात काय, वहिनींना सांगतो.

फोन लावताना माझ्या लक्षात आलं की पाचमजली खाऊन बरीच वर्षं झाली. किती, या खोलात मी शिरलो नाही.

"या की, लेखक," वहिनी म्हणाल्या. "रविवारी दुपारी या. साहित्य मात्र तुम्ही आणा." आणि त्यांनी यादी सांगितली. अक्रोड कवचासकट आणा, हे दोनदा सांगितलं.

लेख आल्यापासून त्या मला लेखक म्हणत. त्याआधी भाऊजी म्हणायच्या. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो. घरात मला 'अरे' आणि 'ए' या दोनच नावांनी हाक मारत. त्या वयात मला 'भाऊजी, तुम्ही' म्हणणारं जगातलं पहिलं माणूस म्हणजे वहिनी. त्या 'तुम्ही'साठी मी पडेल ते काम करायचो, लोणी आणायचो, अक्रोड फोडून द्यायचो, रिकामा ट्रे चाटून स्वच्छ करायचो. भाऊजीचं लेखक झालं तेव्हा मला वाटलं बढती मिळाली.

रविवारी दोन पिशव्या घेऊन तीन मजले चढून गेलो. दादा बाहेरच्या खोलीत मिक्सरचं झाकण मिक्सरला बसवत होता. त्यानं मान हलवून मला आत जायची खूण केली. स्वयंपाकघरात ओटा पुसून मोकळा ठेवला होता. वहिनी खिडकीशी स्टुलावर बसल्या होत्या, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर गृहपत्रिकेचा तो जुना अंक. ओट्याच्या कडेला एक एप्रन घडी करून ठेवला होता. मला वाटलं तो त्यांचा.

"घाला," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, वहिनी, वडी तुम्ही करायची, मी फोटो काढणार. त्यांनी सांगितलं की इतक्या वर्षांत हाताला विसर पडला. कृती छापील आहे, त्यामुळे काही अडणार नाही, त्या वाचून दाखवतील. मग त्यांनी पान उघडलं आणि मीटरची नोंद सांगावी तशा आवाजात वाचलं, "'प्रथम पायाची खोदाई करावी.' करा."

"वहिनी, तो विनोद होता."

"हो का? मग खरं कुठे लिहिलंय?"

मी एप्रन बांधला. 'बिस्किटं रोलरखाली घालावीत', असं पुढे होतं. घरात रोलर नाही, लाटणं चालेल का, असं त्यांनी मला विचारलं. मी चालेल म्हटलं. 'घट्ट दूध कामगारांनी घमेल्यांतून आणावं' इथे त्या थांबल्या आणि बाहेर डोकावून दादाला विचारलं, कामगार म्हणून येता का. दादा म्हणाला, त्याचं झाकणाचं काम चालू आहे. वाक्यावाक्याला माझे कान गरम होत होते. एकोणीस वर्षं मी हा लेख वाचत होतो, पण कुणी न हसता कधी ऐकला नव्हता. न हसता ऐकलं तर त्यात फक्त एका बाईच्या कष्टांची टिंगल होती, आणि तीही लांबलेली.

चुरा ट्रेमध्ये दाबला, त्यावर दूध ओतलं. चॉकलेटचे तुकडे पसरले. मग मी अक्रोडाची पिशवी उघडली आणि एक उचलला. वहिनींनी अंक मिटला, स्टुलावरून उतरल्या, कपाटातून खलबत्ता काढला आणि बत्ता माझ्यासमोर धरला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "या वेळी बत्त्यानं फोडा."

मी अक्रोड खाली ठेवून बत्ता हातात घेतला.

माणूस स्वतःचं खोटं विसरतो, हे मी समजू शकतो. तक्रार विभागात ते रोज बघतो. पण दुसऱ्यानं आपल्यासाठी बोललेलं खोटं आपण खरं धरून बसावं, वर ते छापावं, हे माझ्याही बघण्यात नव्हतं. त्या ओट्याशी उभ्या उभ्या मला सगळं दिसलं. जुन्या घराचं स्वयंपाकघर, लग्नाला सात महिने झालेल्या वहिनी, हाच बत्ता आणि अर्ध्या चड्डीतला मी. मला 'तुम्ही' म्हणणाऱ्या माणसाला मला दाखवायचं होतं की मला बत्ता लागत नाही. 'कट्ट' आवाज झाला होता तो तेव्हा. वडी तोपर्यंत तयारही नव्हती.

त्याच्या महिनाभर आधी मी बाटलीचं झाकण दातानं उघडताना दुसऱ्या दाताचा टवका उडवला होता. वडिलांनी ठणकावलं होतं, पुन्हा असलं काही केलंस तर शाळेच्या सहलीचं नाव काढायचं नाही. त्या सहलीसाठी मी दिवस मोजत होतो. वहिनी मला बसनं डॉक्टरकडे घेऊन गेल्या, तोंडाशी रुमाल त्यांचाच. आणि रात्री जेवताना, वडिलांनी विचारायच्या आत, त्यांनी सांगून टाकलं की वडी फार कडक झाली होती, भाऊजींचा दात गेला, चूक माझी. वडील म्हणाले, पाया पक्का आहे, पण राहणारा मेला. सगळे हसले. मीही हसलो, भोकातून. सहलीला गेलो. परत येईपर्यंत दात वडीनंच पडला होता.

लाज वाटली की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. तिसऱ्या मजल्यावर तीही सोय नसते. दुभंगली असती तर खालच्यांच्या स्वयंपाकघरात पडलो असतो, एप्रनसकट.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," मी म्हटलं.

"कुणाला सांगायचं? तुम्हाला? दात तर तुमचाच."

एवढं बोलून त्या पुन्हा स्टुलावर बसल्या. मी अक्रोड बत्त्यानं फोडले. ते पसरले, वर कीस भुरभुरला आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. अर्धा तास लागणार होता. वहिनी वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेल्या आणि झाकण बाजूला ठेवून दादा आत आला.

दादा मुळात कमी बोलतो. त्यानं मला सांगितलं ते असं: लेख आला त्याच्या पुढच्या महिन्यात वहिनींच्या शाखेत कुणाचा तरी निरोप समारंभ होता. वहिनी दरवेळेसारख्या पाचमजलीचा डबा घेऊन गेल्या, चाळीस वड्या. लोकांनी त्या उचलल्या, टेबलावर आपटून बघितल्या, गाल धरले, दंतवैद्याला आमंत्रण आहे का म्हणून विचारलं. खूप हसले आणि परत डब्यात ठेवल्या. चाळीस नेल्या, अडतीस परत आणल्या.

"दोन?" मी विचारलं.

"शिपायानं खाल्ल्या. तो गृहपत्रिका वाचत नसे."

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत शाखेत त्यांचं नाव 'डेंटिस्टबाई' होतं, आणि त्या डब्यात आता घरातले खिळे असतात. दादा हे कुरकुरत सांगत नव्हता. बोलून झाल्यावर म्हणाला, त्या अडतीस आम्ही दोघांनी संपवल्या, आठवडा लागला, आमचे दात आहेत. मग तो झाकणाकडे परत गेला.

मी गुच्छ हातात धरलेल्या वहिनी आठवून बघितल्या. त्या हसण्यात मला जे दिसलं नव्हतं ते आता दिसेल असं वाटलं. काही दिसलं नाही. तेव्हा माझं सगळं लक्ष हातातल्या दाताकडे होतं.

ट्रे बाहेर काढला. घरभर तोच वास पसरला, भाजलेल्या खोबऱ्याचा आणि चॉकलेटचा, आणि मला त्याच्यासमोर उभं राहवेना. काहीतरी करायचं म्हणून सुरी घेतली आणि गरमच कापायला गेलो. वरचे मजले खालच्यावर बसले, भिंती वाहून गेल्या. वहिनी कपड्यांचा ढीग घेऊन आल्या, त्यांनी ट्रेमध्ये बघितलं.

"गार होऊ द्यायची असते," त्या म्हणाल्या. "ते तुमच्या लेखात नाहीये, नाही का." आणि चमच्यानं एका कोपऱ्यातला ढिगारा उचलून खाल्ला. चावून झाल्यावर सांगितलं की चव बरी आहे.

मी गॅलरीत जाऊन संपादक बाईंना फोन केला आणि म्हटलं, तो लेख छापू नका. त्या म्हणाल्या, पानं लागलीत. मी म्हटलं, मग त्याच्याखाली माझा खुलासा छापा, आज रात्री पाठवतो. दात वडीनं पडला नव्हता. बाईंनी काळजीनं विचारलं की दात काढून टाकला तर लेखात उरतं काय. मी म्हटलं, वडी. त्या म्हणाल्या, वडीला कोण हसणार? फोटोचं विचारलं, तेव्हा आहे तशी इमारत पाठवतो असं सांगितलं.

जेवणाच्या टेबलावर बसून खुलासा लिहिला. पहिला कागद फाडला, कारण त्यात चार कोट्या आल्या होत्या. दुसऱ्यात दोन आल्या. तिसरा वहिनींना वाचून दाखवला. त्या कपड्यांच्या घड्या करत ऐकत होत्या.

"'माझा दात वहिनींच्या वडीनं पडला नाही. वडी होण्याआधी, अक्रोड दातानं फोडताना पडला. वहिनींनी बत्ता पुढे केला होता, मी घेतला नाही. मला वडिलांची बोलणी बसू नयेत आणि सहल बुडू नये म्हणून त्यांनी दोष स्वतःच्या वडीवर घेतला. मी तो एकोणीस वर्षं लोकांना वाचून दाखवला, त्यांच्या निरोप समारंभातसुद्धा. वडी कडक नव्हती. कधीच नव्हती.'"

दादाच्या खोलीतला खडखडाट थांबला होता. वहिनींनी हातातली घडी पुरी केली.

"एक चूक आहे," त्या म्हणाल्या. "'अक्रोड' असं मोघम नका लिहू. 'तिसरा अक्रोड' लिहा."

"का?"

"पहिले दोन फुटले होते. तुम्ही आतला गर अख्खा काढून माझ्या हातावर ठेवला होतात. ते कशाला गाळायचं?"

मी खाली बघून 'अक्रोड'च्या आधी खूण केली आणि वर 'तिसरा' लिहिलं. एवढ्याशा शब्दाला जितका वेळ लागायला हवा त्याहून बराच जास्त लागला, आणि तो संपल्यावरही मी कागदाकडेच बघत राहिलो. वहिनी कपडे उचलून आत निघाल्या. जाताना सांगून गेल्या की ट्रे भिजत घातलाय, घासून मगच जा. भाऊजी म्हणाल्या नाहीत, लेखकही म्हणाल्या नाहीत. मी उठलो आणि बाह्या वर केल्या.