दादाचीही उंची वाढली

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. काल संध्याकाळी भिंतीवरच्या पट्टीशी मोजलेली माणसं रात्रभर उंची वाढवून देणाऱ्या महाराजांच्या सतरंजीवर झोपली होती. आता पहाटे उठल्या उठल्या महाराजांचा शिष्य त्यांना पुन्हा मोजत होता आणि प्रत्येकाची उंची नखभर का होईना, वाढलेली निघत होती.

"हाडं झोपलेली असतात. आम्ही त्यांना हाक मारतो," महाराज म्हणाले. हाडांना कान असतात हे मला तेव्हा कळलं.

माझी आठ वर्षांची भाची घरात फौजदार म्हणून ओळखली जाते. तिला जन्मापासून अकॉन्ड्रोप्लेजिया आहे. जनुकातल्या एका बदलामुळे हातापायांची हाडं कमी वाढतात. तिचीही उंची नखभर जास्त भरली आणि तिच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या दादाचे, डोळे भरून आले.

"आता दवाखाना बंद," महाराजांनी फर्मावलं. "यंत्रं लावली की शक्ती उतरते."

दादाने मान डोलावली आणि माझं डोकं फिरलं. फौजदार झोपेत घोरता घोरता मध्येच श्वास घ्यायची थांबते. त्याचीच तपासणी उद्यावर आली होती.

"आता पप्पांना मोजा," फौजदार म्हणाली. "काल एकटीला लाज वाटली म्हणून मी त्यांनाही उभं केलं होतं."

शिष्य घुटमळला. उंच माणसाला कोण मोजतो? पण लोक हटूनच बसले, मोजाच म्हणून. दादाही नखभर वाढला होता.

"मंत्र नाही, सतरंजी नाही, कोपऱ्यात नुसते घोरत होते," फौजदार म्हणाली. हशा पिकला. महाराजांना एकाएकी पुढच्या गावाची घाई झाली.

दुसऱ्या दिवशी तपासणीला गेलो, तेव्हा सगळं ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या. "मणक्यांमधल्या गाद्या दिवसभरात दबतात, झोपेत फुगतात. पहाटे सगळेच जरा उंच असतात, संध्याकाळी पुन्हा होते तेवढेच. म्हणून तो महाराज आधी संध्याकाळी मोजतो."

"मग हिचं काय?" दादाचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"उंचीचं सोडा, श्वासाचं बघू. टॉन्सिलमुळे अडत असेल, नाहीतर कवटीखाली मज्जारज्जू दबत असेल. कान-नाक-घसा, मेंदू आणि हाडांचे डॉक्टर, आम्ही सगळे मिळून ठरवू."

झोपेच्या तपासणीत श्वास अडताना दिसला. मज्जारज्जू सुखरूप होता, दोष टॉन्सिलचा निघाला. ते काढल्यावर पोर शांत झोपते आणि दादाही.

तेव्हा कुणी चमत्कार दाखवला, तर ज्याला काहीच झालेलं नाही अशा माणसावरही तो करून बघा. आणि तोवर लेकराची तपासणी रद्द करू नका.