तळं बांधणाऱ्या राजाची उलटतपासणी

एचएसआर लेआउटमधल्या समाजाच्या सभागृहात राजाची भूमिका मागून मिळत नाही. बंगळुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेली ही मराठी घरं दरवर्षी एकच जुनं नाटक करतात. राजा होऊ पाहणाऱ्याने आधी शाळकरी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मुलांनी ‘सरी’, म्हणजे कानडीत ‘ठीक’, म्हणून मान्यता दिली तरच भूमिका त्याची. तोवर मोठ्यांनी तोंड उघडायचं नाही.

इतकी वर्षं राजा मल्हारराव होते. यंदा गुडघे थकले आणि ती भूमिका त्यांच्या नातीने, स्मृतीने, मागितली. आजवर एकही बाई राजा झाली नव्हती. स्मृती व्हाइटफील्डच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते.

नाटकाची गोष्ट साऱ्यांना पाठ आहे. ज्योतिषी सांगतो, तळं भरेल त्या दिवशी तुझं राज्य जाईल. राजा तरीही तळं बांधतो. तळं भरतं, राज्य जातं.

"अक्का, मग राजा मूर्खच की!" नववीतली धनलक्ष्मी म्हणाली.

यावर मल्हाररावांचं उत्तर ठरलेलं असे: नशिबापुढे राजाचंही चालत नाही. मुलं माना डोलवत. स्मृतीने तेच म्हटलं असतं तर काम तिथेच झालं असतं.

"मूर्ख नव्हता," ती म्हणाली. "भविष्य ऐकल्यावर तो काय हुकूम देतो? वाच."

"बांध आणखी उंच करा," धनलक्ष्मीने नाटकाच्या वहीतून वाचलं.

"म्हणजे तळं भरायला उशीर!" तिच्या शेजारचा यशोवर्धन ओरडला. "खुर्ची वाचवत होता तो!"

हशा पिकला. हा अर्थ स्मृतीला सुचलाच नव्हता. मागच्या रांगेत मल्हाररावांनी काठी घट्ट धरली.

"पुढची ओळ वाच," ती सावकाश म्हणाली.

"वरचा ओढा वळवून तळ्यात सोडा."

"ज्याला तळं भरायला नको, तो ओढा कशाला आणेल? त्याला तळं मोठंही हवं होतं आणि भरलेलंही. शेवट ज्योतिष्याने सांगितला. पण हुकूम राजाचे होते, आणि ते त्याने खालच्या कोरड्या रानांसाठी दिले."

"आणि ज्योतिष्याला कोंडून ठेवलं, ते?" धनलक्ष्मीने विचारलं.

"मजूर घाबरून पळू नयेत म्हणून."

"मग तो चांगला नव्हता."

"चांगला होता असं मी कधी म्हटलं?"

मुलांची कुजबुज बराच वेळ चालली. शेवटी धनलक्ष्मी उभी राहिली. "स्वल्प शंका आहे अजून. पण सरी."

आता मोठ्यांना बोलायची मुभा होती. मल्हाररावांशेजारी बसलेल्या रघुपतींनी ती लगेच वापरली. "अण्णा, नातीने तुमचं उत्तर पाडलं की!"

मल्हारराव काठीवर भार देऊन उठले.

"पाडलं ना? मग आता राजासमोर बसून दाखव, रघुपती. मी तर नाही बसणार."