डावा मास्तरांचा, उजवा कंडक्टरचा

"टाका लांब पडला, कंडक्टर. उसवा."

"आता उसवू? अहो मास्तर, सव्वाअकरा वाजले! दोन वाजता सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर चालली. मग हे झबलं काय बाळ शाळेत जायला लागल्यावर द्यायचं?"

"उसवा म्हटलं ना! असला टाका मी त्या लेकराच्या अंगाला लागू देणार नाही."

कंडक्टरने तोंड वाकडं केलं, पण टाका उसवला. मास्तरांपुढे कुणाचं काही चालत नसे. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस, त्याला लांब टाका दिसला की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

डायलिसिसच्या त्या खोलीत सहा खुर्च्या होत्या. आठवड्यातून तीनदा यायचं, हातात दोन जाडजूड सुया टोचून घ्यायच्या आणि चार तास पडून राहायचं. अंगातलं रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, धुऊन परत येतं. तेवढा वेळ तो हात तसूभरही हलवायचा नाही. बहुतेकांच्या सुया डाव्या हाताला. मास्तरांचं नशीब तिथेही आडवं आलं. त्यांच्या डाव्या हाताची शीर दोन महिन्यांत बंद पडली आणि डॉक्टरांनी उजवा धरला. कात्रीचा हात! त्या दिवशी मास्तरांनी घरच्या शिलाई मशीनवर चादर टाकली, ती पुढे कितीतरी दिवस काढलीच नाही.

पहिलं वर्ष त्यांनी छत बघण्यात घालवलं. छताला एकशेआठ चौकोन होते, त्यातले सात फुटके. हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. कंटाळ्याने जीव नको झाला होता. मग डावीकडच्या खुर्चीत हा कंडक्टर आला. बसमध्ये वीस वर्षं ओरडून आवाज कमावलेला, गप्प बसणं माहीत नसलेला माणूस. एकदा त्याच्या शर्टाचं बटण तुटलं. त्याच्या सुया डाव्या हाताला, उजवा मोकळा. मास्तरांचा डावा मोकळा. दोन खुर्च्यांच्या मधे दोन मोकळे हात लोंबत होते.

"मी बटण धरतो," मास्तर म्हणाले, "तुम्ही सुई घाला."

अर्धा तास गेला त्या एका बटणाला! पण तो अर्धा तास कसा गेला ते दोघांनाही कळलं नाही. पुढे दोन महिन्यांत खोलीतलं एकही बटण सैल राहिलं नाही. सिस्टरपासून मात्र सगळं लपून. मशीनवर असताना रक्त पातळ करायचं औषध चालू असतं. बोटाला सुई टोचली तर रक्त थांबायचं नाव नाही. म्हणून मास्तरांनी आपलं पितळी अंगुस्तान आणलं आणि कंडक्टरच्या बोटात घातलं.

मग सिस्टरचं पोट दिसायला लागलं आणि झबल्याची कल्पना निघाली. मास्तरांनी चादर बाजूला सारली, मशीनच्या खणातून कात्री काढली, मऊ पिवळं कापड बेतलं. कंडक्टरची अट एकच होती. "घरी एक टाकासुद्धा घालायचा नाही. घातलात तर माझी इथली नोकरी गेली म्हणून समजा!"

आता एका बाहीच्या मुंढ्याची, खांद्याजवळची अर्धी शिवण राहिली होती. मास्तरांनी डाव्या हाताने कापड ताणून धरलं. कंडक्टर जीभ बाहेर काढून टाके घालत होता. मास्तरांची नजर एकदा टाक्यावर, एकदा घड्याळावर. पहिल्या गिऱ्हाइकाचा शर्ट देतानासुद्धा असं झालं नव्हतं.

तेवढ्यात कंडक्टरचा फोन वाजला.

"हॅलो... हो, मीच... काय?" त्याचा कमावलेला आवाज बसला. "मास्तर... मोठ्या हॉस्पिटलातून फोन आहे. किडनी मिळाली. आत्ता या म्हणतात. आत्ता!"

खोलीत एकच गलका उडाला. सहा नंबरच्या आजींनी मोकळ्या हाताने मांडीवर थापा मारल्या. चार वर्षं यादीत नाव होतं कंडक्टरचं. मास्तरांना इतका आनंद झाला की हातातलं कापड सुटलं. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ त्यांची नजर कंडक्टरच्या खुर्चीवर गेली; पुढच्या वेळी तिथे तो नसणार होता.

"थांबा, आठ टाके राहिलेत," कंडक्टर सुई शोधत म्हणाला.

"खुळे की काय तुम्ही! उठा!"

सिस्टर धावत आली. तिने सुया काढल्या, पट्टी दाबून बांधली, म्हणाली, "दादा, चला लवकर," आणि त्याच्या अंगावरचं ब्लँकेट ओढलं. ब्लँकेटबरोबर झबलंही लोंबत वर आलं. गडबडीत कंडक्टरने बाही थेट हॉस्पिटलच्या ब्लँकेटला शिवून टाकली होती!

"हे काय?" सिस्टरचा आवाज चढला. "सुई? औषध चालू असताना सुई? काका, तुम्हीसुद्धा?"

मास्तरांनी मान खाली घातली. सिस्टर आणखी बोलणार होती, पण तिने झबलं हातावर घेतलं. ते तिच्या दोन तळहातांएवढं होतं. तिने ते पोटावर धरून बघितलं.

"दोनच्या आत द्यायचं होतं," कंडक्टर ओशाळून म्हणाला. दारात पोचल्यावर मात्र गडी वळला आणि बसमध्ये ओरडायचा तसा ओरडला, "चला, पुढे सरका! जागा झाली!" सगळे हसले. मास्तरही हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

पावणेदोनला सिस्टर स्टूल ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसली. ब्लँकेटचे टाके तिने कात्रीने सोडवले होते. "काका, आठच राहिलेत ना? तुम्ही धरा, मी घालते. मला टोचलं तर चालेल."

सिस्टरने आपल्या बाळाचं झबलं आपल्याच हाताने पुरं केलं. सातवा टाका लांब पडला. मास्तरांनी पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते गप्प राहिले.

सोमवारी डावीकडच्या खुर्चीत नवीन बाई होत्या. पोस्टात काम करणाऱ्या, पहिलाच दिवस. डोळे छताला लावून त्या चौकोन मोजत होत्या. मास्तरांना ते ओठांवरून कळलं.

मास्तरांचा फोन वाजला. कंडक्टरची बायको होती. "ऑपरेशन चांगलं झालं हो! तुमचं अंगुस्तान आमच्याकडेच राहिलंय. ऑपरेशनला नेतानासुद्धा बोटात होतं, नर्सने ओढून काढलं. पाठवून देऊ का?"

"नको. त्यांनाच राहू दे म्हणावं," मास्तर म्हणाले. "माझ्याकडे दुसरं आहे."

जुनं दुसरं नव्हतं. येताना दुकानातून नवीन घेतली होती, दोन आकारांची, कुणाला कुठलं बसेल सांगता येत नाही म्हणून. त्यांनी फोन ठेवला आणि डावीकडे वळले.

"एकशेआठ आहेत, बाई. सात फुटके. मोजू नका, मी मोजलेत." बाई दचकून बघायला लागल्या. "तुमचा उजवा हात मोकळा आहे ना? मग हे बोटात घाला आधी."

तासाभराने सहा नंबरच्या आजींनी घरून आणलेल्या पोलक्याचं बटण अर्धंअधिक लागलं होतं. बाईंच्या कपाळावर घाम होता आणि त्या गालात हसत होत्या. मास्तरांनी मान वाकडी करून नीट पाहिलं.

"टाका लांब पडला, बाई," ते म्हणाले. "उसवा."