ग्राफवर उतरलेला पूल

पुष्पलता हेडाऊ यांची वीस-बावीस वर्षं ग्राफपेपरवर गेली. साडीच्या काठाची नक्षी मागावर चढण्याआधी कागदावर चौकटी भरून काढावी लागते. नागपूरच्या गोळीबार चौकातल्या घरात बसून त्या ते काम करत. मग एकेक माग बंद पडला, विणकर दुसऱ्या कामांना लागले आणि पुष्पलताबाई मुलाच्या दुकानात ब्लाउज शिवू लागल्या. उरलेला कागदांचा गठ्ठा मात्र त्यांनी टाकला नाही. दर रविवारी सकाळी त्यातला एक कागद घेऊन त्या एखाद्या जुन्या रेल्वेपुलासमोर जाऊन बसत आणि तो पूल चौकटी मोजत काढत.

हे वेड उमरेडचं. त्या लहान असताना वडील नॅरोगेजच्या गाडीने साड्या घेऊन नागपूरला येत, कधीमधी मुलीलाही सोबत आणत. वाटेत एका नाल्यावर तिरप्या लोखंडी पट्ट्या जोडून केलेला कैचीचा पूल होता. गाडी त्यात शिरली की उन्हाचे तिरपे पट्टे डब्यातून सरकत जात. वडिलांच्या सदऱ्यावरून, गाठोड्यावरून, तिच्या हातावरून. पूल संपेपर्यंत ती श्वास रोखून बसे.

जानेवारीत एका संध्याकाळी सून मिनल मोबाइलमध्ये पाहता पाहता म्हणाली, "आई, उमरेडच्या लाइनीवरचे जुने पूल काढून राहिले म्हणते. ब्रॉडगेजची मोठी लाइन टाकून राहिले ना. तुमचा नाल्यावरचा बी याच आठवड्यात."

पुष्पलताबाईंनी गठ्ठ्यातला एक कागद पिशवीत घातला. सकाळी पहिल्या बसने निघाल्या.

पुलाशी गॅसची सिलिंडरं उतरवली होती. पाच-सहा माणसं होती आणि पिवळ्या हेल्मेटमधला चाळिशीचा एक फोरमन, प्रेमानंद रामटेके. त्याने लांबूनच हात केला.

"ताई, तिकडं कुठं चालल्या? काम सुरू हाय इथं."

"मले पूल काढाचा हाय."

"आमी बी काढूनच राहिलो ना!"

माणसं हसली. पुष्पलताबाईंनी पिशवीतून कागद काढून दाखवला. "तुमी नाल्यावरून काढा. मले कागदावर काढू द्या आधी."

प्रेमानंदने घड्याळ पाहिलं. क्रेन दोनला यायची होती. "बारापर्यंत तुमचा," तो म्हणाला. "मंग माझा." त्याने माणसांना पलीकडच्या टोकाचे रुळांखालचे स्लीपर सोडवायला लावलं.

तासाभराने तो मागे येऊन उभा राहिला. कागदावर पुलाच्या सहा चौकटी उतरल्या होत्या. प्रत्येक सांध्यावर रिव्हेटच्या खिळ्यांचे ठिपके.

"चौथ्या सांध्याले चुकल्या तुमी. अकरा नाई, चौदा हाये तिथं."

"मोजण्यात मी चुकत नाई."

"मी काल खडूनं खुणा केल्या ताई. चला, दाखवतो."

तो त्यांना हाताला धरून नाल्यात घेऊन गेला. पलीकडच्या बाजूला चौथ्या सांध्यावर जास्तीची पट्टी बसवलेली होती. कुणीतरी कधीकाळी दुरुस्ती केली होती, तीन रिव्हेट जास्त मारून. अलीकडून अकरा, पलीकडून चौदा. दोघंही बरोबर होते.

पुष्पलताबाई खालून वर पाहत राहिल्या. गाडीच्या खिडकीतून हे कधी दिसलंच नव्हतं. घडीव दगडांचे खांब, सांध्यात सुरीचं पातंसुद्धा शिरणार नाही असे. दगडावर छिन्नीचे ओळीने घाव. कोणी बघायला येणार नाही अशा जागी, झाडोऱ्यात, कुणीतरी एवढी सफाई केली होती. त्यांनी दगडावरून हात फिरवला.

"सिमेंटच्या पुलाले असं काई नसते," त्या म्हणाल्या. "चेहराच नसते त्याईले. मी काढतच नाई ते."

प्रेमानंदला ते लागलं. "गड्डीगोदामचा मेट्रोचा पूल पाह्यला?"

"बसमधून जाताना पाह्यते की."

"बसमधून नाई. उतरून. मी होतो त्याच्या कामावर. रविवारी या."

बारा वाजले तेव्हा एक चौकट राहिली होती. प्रेमानंदने घड्याळाकडे पाहिलं, मग माणसांना ओरडला, "जेवून घ्या गा आधी!" पुष्पलताबाईंचं काम साडेबाराला झालं. तरी त्या गेल्या नाहीत. सांधे कापले गेले, दुपारी क्रेनने कैचीचा पहिला भाग उचलला आणि तो नाल्यावर अधांतरी राहिला. मागे नुसतं आभाळ. तिरप्या पट्ट्या, त्यांच्यात अडकलेलं ऊन, सगळं एका नजरेत मावत होतं. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी त्या तोंडात पदर धरून बघतच राहिल्या.

रविवारी प्रेमानंद गड्डीगोदामला त्यांची वाट पाहत होता. दोघं खालच्या रस्त्याकडेला उभे राहिले. डोक्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. रुळांच्या वरच्या या दोन्ही मजल्यांचा भार पोलादी सांगाड्याने पेलला होता, आणि अलीकडे-पलीकडे सिमेंटचे एकेकटे खांब हात पसरून दोन-दोन रस्ते उचलून धरत होते.

"बोल्ट पाहा," प्रेमानंद म्हणाला. "हरेक बोल्ट पान्यानं आवळला, अन् आवळला का खूण केली. खालून गाड्या जाऊनच राहिल्या होत्या. त्यायच्या टायमातून आमाले टाइम भेटे."

तेवढ्यात कोळशाची मालगाडी आली. ती धडधडत असतानाच उड्डाणपुलावरून ट्रक गेले आणि सगळ्यात वरून मेट्रो, अगदी हलकी. पुष्पलताबाईंनी जवळच्या खांबाला तळवा लावला. एवढ्या सगळ्याची थरथर हाताला जेमतेम कळत होती.

"याले चेहरा हाय गा," त्या हळूच म्हणाल्या. "मीच कधी मान वर नाई केली."

त्यांनी ग्राफपेपर मांडीवर घेतला. दुसऱ्या मजल्यापाशीच कागद संपला. मग दुसरा, तिसरा, असे चार कागद डिंकाने जोडावे लागले. अकरा रविवार गेले.

ते चित्र आता नागपुरातल्याच इंदोऱ्यात प्रेमानंदच्या घरी दाराच्या समोरच्या भिंतीवर आहे. कोणी पाहुणा आला की तो चहाचा कप बाजूला ठेवतो, उठून सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या एका चौकटीवर बोट टेकवतो आणि म्हणतो, "इथं. इथं उभा होतो मी."