पन्नास मायक्रोग्रॅमचा संशय

या जगात खोटं न बोलणाऱ्या गोष्टी दोनच. एक शिक्का मारलेलं लोखंडी वजन आणि दुसरी ते तपासणारी निरीक्षकबाई. बाकी सारी सृष्टी मापात मारते. हे विधान वजनमापे खात्याच्या निरीक्षकबाईंनी किराणा दुकानदाराला भर दुकानात बोट उगारून ऐकवलं, आणि पुढचं वाक्य सुचेपर्यंत जरा टेकावं म्हणून त्या साखरेच्या पोत्यावर बसल्या, त्या तिथेच घोरायला लागल्या.

जाग आली तेव्हा अंगावर चादर होती. दुकानदार गिऱ्हाइकांना कुजबुजत सांगत होता, "हळू बोला, तपासणी चालू आहे."

बाईंच्या मते त्याच्या चहात काहीतरी होतं. साहेबांचं मत वेगळं पडलं.

"घाऊक बाजारातही तुम्ही अशाच पेंगत होतात म्हणे," साहेब म्हणाले. "डॉक्टरला दाखवा. ठणठणीत होईपर्यंत फिरती बंद. मागच्या खोलीत बसा आणि जप्तीचे काटे सांभाळा."

मागच्या खोलीत गेलेला माणूस थेट निरोपसमारंभालाच बाहेर येतो, हे खात्यात शिपायालाही ठाऊक होतं. फिरती गेली म्हणजे बाईंचं सगळंच गेलं. आपल्या खुर्चीवर कोणाचा तरी डोळा आहे, हे त्यांनी तिथल्या तिथे ताडलं. फक्त कोणाचा, ते ठरेना. म्हणून त्यांनी सगळ्यांचीच नोंद मनात करून ठेवली.

तसे पुरावे भरपूर साठले होते. ऑफिसातला एसी केवळ त्यांना गारठवण्यासाठी लावला जात होता, कारण बाकीचे लोक शर्टाची बटणं सैल करत होते. धोबी कपडे आटवून आणत होता. घरचा वजनकाटा दर आठवड्याला वाढीव वजन दाखवत होता, म्हणून बाईंनी सरकारी प्रमाण वजनं घरी आणून त्यावर ठेवली. काटा निर्दोष सुटला. मग संशयाची सुई सरकली ती स्वयंपाकघराकडे.

स्वयंपाक त्यांचे यजमान करत. ते निवृत्त ड्रॉइंग मास्तर. बाईंनी तेलाच्या बाटलीवर पेनाने रेघ मारली.

"हे काय गं?" मास्तरांनी विचारलं.

"रोज किती उतरतंय ते कळू दे. मी चिमणीएवढं खाते आणि फुगतेय. तेल जातं कुठे?"

मास्तरांनी रेघ निरखून पाहिली. ती वाकडी होती. त्यांनी पट्टी आणून ती सरळ करून दिली.

"आता संशय तरी नीट घे," ते म्हणाले. "आणि आवाजाचं काय? तो घोगरा झालाय, तोही माझ्या फोडणीने? चल, डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टरीण वयाने लेकीसारखी. तिने बाईंना काट्यावर उभं केलं. बाई उतरल्या, वाकल्या आणि त्यांनी काटा उचलून उलटा केला.

"शिक्का कधी मारून घेतलात? हा दोन किलो कमी दाखवतोय."

"मग तुमचं वजन…"

"दोन किलो जास्त लिहा," बाई करड्या आवाजात म्हणाल्या. अन्याय स्वतःच्या फायद्याचा असला तरी त्यांना खपत नसे.

डॉक्टरीणबाईने नाडी पाहिली, कोरड्या पडलेल्या कातडीवरून बोट फिरवलं, आवंढा गिळायला लावून गळा चाचपला. "थंडी वाजते? पोट साफ होत नाही? थायरॉईड मंदावलं असावं. खात्री रक्त तपासल्यावरच."

बाईंनी रक्त दोन लॅबमध्ये दिलं. एका काट्यावर विसंबणारा निरीक्षक त्यांच्या लेखी निरीक्षकच नव्हे. दोन्हीकडून निदान एकच आलं, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "संगनमत!" त्या म्हणाल्या.

"बघा," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाली, "गळ्यातली ग्रंथी काम टाळतेय. वरून मेंदू तिच्यावर ओरडतोय. रिपोर्टातला हा वाढलेला आकडा म्हणजे त्या ओरडण्याचा आवाज."

सरकारी नोकरीत हयात गेलेल्या बाईंना हे एका झटक्यात पटलं. पटलं नाही ते पुढचं. रोज सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर एक गोळी, त्यात औषध पन्नास मायक्रोग्रॅम. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून मात्रा ठरवायची.

"मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा किती भाग?"

"दहा लाखावा."

बाई गोळ्यांची बाटली पिशवीत टाकून तडक ऑफिसात गेल्या. झाकण शिपायाने उघडून दिलं आणि सोनारांचे काटे पडताळायच्या नाजूक तराजूवर त्यांनी एक गोळी ठेवली. भरली शंभर मिलिग्रॅम. त्यांनी कागदावर भागाकार केला आणि तिथूनच डॉक्टरीणबाईला फोन लावला.

"दोन हजारात एक भाग माल, बाकी सगळी गोणी! एखाद्या वाण्याने असं केलं तर मी त्याचं दुकान सील करीन. ही उरलेली भुकटी कशासाठी?"

"नुसतं औषध दिलं तर ते तुम्हाला दिसायचंही नाही. शिंक आली की उडून जाईल."

"पण ते आत आहे, हे मी कशावरून धरून चालायचं?"

"तुमच्याच रक्तावरून. घेऊन बघा आणि मग पुन्हा तपासा."

गोळ्या तशाच पडून राहिल्या. बाई दोन स्वेटर घालून मागच्या खोलीत, जप्त झालेल्या काट्यांच्या संगतीत बसू लागल्या. एकदा दुपारी एका गंजक्या पारड्यावर डोकं टेकून त्या झोपल्या, आणि यावेळी त्यांच्यावर चादर घालायलाही कोणी आलं नाही. ते त्यांना फार लागलं.

घरी मास्तर म्हणाले, "न पडताळता काही घेणार नाही म्हणतेस. मग माझ्याशी लग्न कसं केलंस? माझ्यावर कुठे शिक्का होता?"

"म्हणून तर रेघ मारावी लागली."

मास्तर हसले, पण पुरते नाही. पाठ वळवून ते भांडी लावू लागले. ती पाठ बाई बराच वेळ बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या, त्या न्यायालयात साक्षीला उभ्या राहाव्यात तशा. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हातात बाटली.

"अहो, इकडे बघा. मी आजवर न तपासलेला माल उंबरठ्याच्या आत येऊ दिला नाही. सगळ्या जगाकडे चोर म्हणून पाहिलं, आणि या घरात ज्याच्याकडे तसं पाहायचं काही कारण नव्हतं… असो. आज मी विश्वासावर एक गोष्ट करणार आहे. पण त्याआधी मला तुमच्याकडे एक मागायचंय."

मास्तरांनी गॅस बंद केला. हात पुसले. चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा चढवला. इतक्या वर्षांच्या संसारात जे ऐकायला मिळालं नव्हतं, ते आता कानावर येणार म्हणून ते अगदी जवळ येऊन उभे राहिले.

बाईंनी बाटली पुढे केली.

"तेवढं झाकण उघडून द्या. माझ्याच्याने फिरत नाहीये."