मागचं डावं चाक

माझ्या दोन लेकांत मिळून एक गाडी. एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. एकाच इमारतीत राहतात, थोरला वर आणि धाकटा खाली, पण बोलणं जेवढ्यास तेवढं. गाडीचा नियम त्यांनीच ठरवला : ज्याच्या हातात बिघडेल त्याने दुरुस्त करून आणायची.

आणि मागच्या डाव्या चाकातून हवा जायला लागली. एकदम नाही हो, अगदी लाजत लाजत. संध्याकाळी गाडी चारी पायांवर उभी, सकाळी बघावं तर बगळ्यासारखा एक पाय मुडपून!

आधी थोरल्याने पाहिलं. पंक्चरच्या दुकानात जायचं सोडून त्याने पायपंप आणला, हवा भरली आणि किल्ली गुपचूप धाकट्याच्या दाराला अडकवून आला. धाकटाही माझ्याच पोटचा. त्यानेही हवा भरली आणि किल्ली वर पाठवली. मग हेच सुरू झालं. पंप मारून मारून दोघांच्या डाव्या पोटऱ्या अशा फुगल्या की पँटी उसवून घ्याव्या लागल्या. हसू नका, उसवल्या मीच.

"अरे, त्या चाकाला दुकानात घेऊन जा की," मी म्हणायची.

"माझ्या हातात कधी बसलंय ते? त्याला विचार," थोरला म्हणायचा.

"मी घेतो तेव्हा दगडासारखं टणक असतं. दादाला विचार," धाकटा म्हणायचा.

तेवढ्यात चिमीचा फोन आला. चिमी म्हणजे माझी पाठची बहीण. लेक तिला परदेशात घेऊन चालली होती, कायमची. घर विकून झालं होतं. "अक्का, विमानतळावर ये गं. एकदा नीट बघून घेऊ एकमेकींना. आता आपली भेट फोटोतच," म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. पण फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ पालथ्या हाताने टेबल पुसत बसले, टेबल स्वच्छ असताना.

जायच्या दिवशी वार थोरल्याचा होता. पण त्याची पाठ धरलेली, म्हणून चालवायला धाकटा बसला. मावशीला निरोप द्यायचा म्हणून थोरलाही शेजारी बसला. मी मागे, मांडीवर चिमीसाठी विणलेली शाल. दोघं एका गाडीत! मला वाटलं, चिमीच्या जाण्याने एवढं तरी झालं.

शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी लंगडायला लागली. मग फडफड, फडफड. धाकट्याने ती कडेला घेतली. चाक पार जमिनीला टेकलेलं.

"सकाळी हवा नाही भरलीस?" थोरला म्हणाला.

"मी कशाला भरू? वार तुझा."

"चालवणार तू होतास ना!"

झालं! इतके दिवस दोघंही चोरून भरत होते, आणि नेमकं त्या दिवशी कुणीच भरली नव्हती. डिकीतली स्टेपनी काढली तर तीही पोळीसारखी चपटी. पंप घरी, जिन्याखाली.

"टॅक्सी बोलवा," मी म्हटलं.

"बोलाव, तुझा वार आहे," धाकटा म्हणाला.

"गाडी तुझ्या हातात बसलीय. नियम म्हणजे नियम."

"वाराचा नियम की हाताचा? एकदा ठरव."

ते ठरवत बसले. मला काही मोबाइलवरून टॅक्सी बोलावता येत नाही. मी रस्त्यात उभी राहून शाल हलवायला लागले. गाडीवाल्यांना वाटलं, म्हातारी टाटा करतेय. तेही प्रेमाने हात हलवून गेले. एका बाईने तर पोराचा हात धरून त्याच्याकडूनही टाटा करवला.

शेवटी थोरल्याने टॅक्सी बोलावली, पण बोलावताना तीनदा म्हणाला, "हे मी आईसाठी करतोय, तुझ्यासाठी नाही." टॅक्सी यायच्या आतच माझा फोन वाजला.

"अक्का, कुठे आहेस गं? आम्हाला आत जायला सांगतायत."

दोघंही लेक माझ्या तोंडाकडे बघायला लागले, लहानपणी काच फोडल्यावर बघायचे तसे.

"अगं काय सांगू चिमे," मी म्हटलं, "रस्त्यात हत्ती आडवा झोपलाय. एवढा मोठा, की त्याच्या कानाखाली दोन बस सावलीला उभ्या आहेत. तुझे दोन्ही भाचे त्याला हटवतायत. एक सोंडेकडून ढकलतोय, एक शेपटीकडून. दोघांचा जोर सारखा. हत्ती काही जागचा हलत नाही."

चिमी हसली नाही. माझ्या थापांना जन्मभर सगळ्यात आधी हसणारी ती.

"बरं," ती म्हणाली. "हत्तीला म्हणावं, मी गेले."